आठव्या हिश्श्याचे घर : परदेशातील आलिशान घराच्या अंशात्मक मालकीचे परीक्षण

फ्रान्सच्या दक्षिणेला, ल्युबेरोंच्या डोंगरउतारावर असलेल्या एका जुन्या दगडी घराचा आठवा हिस्सा विकत घ्यावा की नाही, हा प्रश्न गेले चार महिने माझ्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या पुढ्यात आहे. या काळात आम्ही त्या घरात चार रात्री राहिलो, विक्रेत्या कंपनीच्या प्रतिनिधीशी सहा वेळा बोललो आणि घर ज्या संस्थेच्या नावावर आहे तिची नियमावली, व्यवस्थापनाचा करार व मागल्या दोन वर्षांचे हिशेब मिळून दोनशेहून अधिक पाने वाचून काढली. कंपनीचे नाव येथे देत नाही. तुलनेसाठी आणखी दोन कंपन्यांचे कागद मागवले होते, त्यांतला मजकूर इतका मिळताजुळता निघाला की एकीवर बोट ठेवणे अन्यायाचे ठरेल. माझे मत आधीच सांगते : घर उत्तम आहे, सेवा चोख आहे, किंमत चढी आहे, आणि व्यवहारातून बाहेर पडण्याचे दार फार अरुंद आहे.

घराविषयी तक्रारीला जागा नाही. हातभर जाडीच्या भिंती, लाकडी झडपांच्या खिडक्या, चार शयनगृहे, मागे ऑलिव्हची झाडे आणि त्यांच्या पलीकडे पोहण्याचा तलाव असे ते घर आहे. माहितीपत्रकातली छायाचित्रे आणि प्रत्यक्ष घर यांत फरक आढळला नाही, हे मुद्दाम नोंदवते. चमच्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी स्वयंपाकघराच्या खणात ठेवलेली असते आणि निघताना ती वस्तूंशी ताडून पाहिली जाते. तळघरात एका ओळीत आठ कुलूपबंद कपाटे आहेत. आठांपैकी पाच हिस्से विकले गेले आहेत, त्यामुळे पाच कपाटे भरलेली होती. प्रत्येक कपाटात त्या हिस्सेदाराचे कपडे, पुस्तके, पायताणे आणि एक चपटी पेटी असते; पेटीत चौकटीतली कौटुंबिक छायाचित्रे असतात. हिस्सेदार यायच्या आदल्या दिवशी घराची देखरेख करणाऱ्या बाई ती छायाचित्रे दिवाणखान्यातल्या फडताळावर ठरलेल्या जागी मांडतात आणि कुटुंब निघून गेले की पुन्हा पेटीत भरून ठेवतात. कोणती चौकट कुठे ठेवायची, याची प्रत्येकाची नोंद त्यांनी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली आहे. आम्ही पाहुण्या असल्यामुळे आमच्या मुक्कामात फडताळ रिकामे होते, पण उन्हाने फिकटलेल्या लाकडावर चौकटींच्या तळांचे गडद पट्टे उमटले होते, आणि ते एकमेकांवर चढलेले होते.

तिसऱ्या रात्री मिस्त्राल सुटला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा हा कोरडा, थंड वारा एकदा सुटला की झडपा रात्रभर धडधडत राहतात. दोनच्या सुमारास त्याने अंगणातली एक हलकी खुर्ची उचलून तलावात टाकली आणि तलावाचा धोक्याचा भोंगा वाजू लागला. (फ्रान्समधल्या २००३ च्या कायद्यानुसार जमिनीत बांधलेल्या खासगी तलावाला कुंपण, आच्छादन, छत किंवा भोंगा यांपैकी एक तरी सुरक्षासाधन असावेच लागते.) भोंगा बंद कसा करायचा हे काही केल्या कळेना. दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पंचवीस मिनिटांत माणूस हजर झाला, त्याने खुर्ची बाहेर काढली, भोंगा थांबवला आणि आमचीच क्षमा मागून तो निघून गेला. सेवेला पूर्ण गुण. दोन महिन्यांनी त्या तिमाहीचे हिशेब आले, तेव्हा ताईने त्यात त्या रात्रीची नोंद शोधून काढली. तिची सारी नोकरी लेखापरीक्षणात गेलेली आहे. 'अवेळी भेट' असे लिहून तिची रक्कम आठ हिश्श्यांत सारखी वाटली होती. खुर्ची आत ठेवायला आम्ही विसरलो होतो. पैसे भरले पाच अनोळखी कुटुंबांनी आणि न विकलेल्या तीन हिश्श्यांपुरते कंपनीने. हिस्सेदार झाल्यावर आम्हीही दुसऱ्यांच्या खुर्च्यांचे पैसे भरणार, हे त्या एका ओळीने जितके स्पष्ट केले तितके प्रतिनिधीच्या सहा बैठकींनी केले नव्हते.

अशा व्यवहारात विकले काय जाते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या तीन निरनिराळ्या गोष्टी बाजारात एकाच भाषेत विकल्या जातात. पहिली म्हणजे टाइमशेअर. त्याची सुरुवात युरोपात १९६० च्या दशकात झाली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही त्या प्रकारची आद्य संस्था १९६३ सालची आहे. टाइमशेअरमध्ये सर्वसाधारणपणे वर्षातले काही दिवस राहण्याचा हक्क मिळतो, घर मिळत नाही. स्पेनने तर १९९८ च्या कायद्यात या हक्काला 'मालकी' हा शब्द ज्यात येतो असे कोणतेही नाव देण्यास मनाई केली आणि त्याची मुदत पन्नास वर्षांपर्यंत मर्यादित केली. त्या मर्यादेपलीकडचे करार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अवैध ठरवले. एखाद्या देशाच्या विधिमंडळाला एक शब्द वापरण्यास बंदी घालावी लागते, यावरून त्या शब्दाच्या जोरावर किती विक्री झाली असेल याची कल्पना यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्टीच्या घरांचे क्लब. मोठी ठेव भरायची, वार्षिक शुल्क द्यायचे आणि क्लबच्या मालकीच्या घरांत पाळीपाळीने राहायचे, अशी ती पद्धत. अमेरिकेतल्या टॅनर अँड हेली या क्लबने जुलै २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याची मालमत्ता ज्या कंपनीने घेतली, तिच्याच विलीनीकरणातून पुढे उभ्या राहिलेल्या अल्टिमेट एस्केप्सनेही सप्टेंबर २०१० मध्ये तीच वाट धरली. सभासदांनी भरलेल्या ठेवींना घरांचे तारण नव्हते; घरे क्लबची आणि त्यांवर आधी हक्क कर्ज देणाऱ्यांचा. काही जण दोन्ही वेळा सापडले असणार, असे कागदावरची साखळी पाहून वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे आम्हाला देऊ केलेली अंशात्मक मालकी, अर्थात फ्रॅक्शनल ओनरशिप. यात एका विशिष्ट घरासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन करतात, घर त्या संस्थेच्या नावावर असते आणि हिस्सेदार त्या संस्थेचे भागधारक असतात. ही कल्पना खासगी विमानांच्या धंद्यात नेटजेट्सने १९८६ सालीच रुजवली होती. घरांच्या बाबतीत तिला अलीकडे मोठा गाजावाजा मिळाला तो २०२० साली अमेरिकेत सुरू झालेल्या पकासो या कंपनीमुळे, जी प्रत्येक घराचे आठ हिस्से करून विकते. विक्रेती कंपनी बुडाली तरी घर हिस्सेदारांच्या संस्थेकडे राहते, हा या रचनेचा खरा आणि मोठा गुण आहे. मात्र तो गुण तेव्हाच खरा, जेव्हा घर खरोखर त्या संस्थेच्या नावे नोंदलेले असेल आणि त्यावर कोणाचे कर्ज नसेल. आम्ही नोंदणीचा उतारा विक्रेत्याकडून न घेता स्वतंत्र नोतेरकडून मागवला. नोतेर म्हणजे फ्रान्समध्ये मालमत्तेच्या व्यवहारांची अधिकृत नोंद करणारा विधिज्ञ. उतारा स्वच्छ होता, हे कंपनीच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

आता त्या संस्थेविषयी. फ्रान्समध्ये अशा घरासाठी बहुधा जी संस्था वापरतात तिला एससीआय म्हणतात. केवळ स्थावर मालमत्ता बाळगण्यासाठी काढलेली ही नागरी स्वरूपाची संस्था असते. प्रतिनिधीने तिचे वर्णन 'तुमची छोटी कंपनी' असे केले, आणि कंपनी म्हटले की आपले नुकसान गुंतवलेल्या रकमेपुरतेच, असे कोणीही गृहीत धरतो. तसे ते नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेच्या १८५७ व्या कलमानुसार अशा संस्थेचे भागधारक संस्थेच्या कर्जाला आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात अमर्याद जबाबदार असतात. धनकोने आधी संस्थेकडे वसुलीचा प्रयत्न करून पाहिला पाहिजे, एवढाच काय तो आडोसा. घरावर कर्ज नसेल आणि विमा पुरेसा असेल तर ही जबाबदारी बहुतांशी कागदावरच राहते, हे मान्य. पण सहा बैठकींत तिचा उल्लेख एकदाही होऊ नये, हे मला खटकले. ताईने विचारल्यावर उत्तर मिळाले ते असे की, हा प्रश्न याआधी कोणी विचारलाच नव्हता.

मग संस्थेच्या भानगडीत न पडता आठ जणांनी थेट सामाईक मालक का होऊ नये? त्याचे उत्तर त्याच संहितेच्या ८१५ व्या कलमात आहे. सामाईक मालकीत राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, म्हणजे आठांतला एक जण उठून वाटणी मागू शकतो, आणि दगडी घराची वाटणी होत नाही, विक्रीच होते. संस्था काढून हा धोका टळतो, पण त्याची किंमत अशी की आता कोणालाच सहज उठून जाता येत नाही. नियमावलीत वेगळे काही लिहिले नसेल तर एससीआयमधला हिस्सा परक्याला विकण्यासाठी इतर सर्व भागधारकांची संमती लागते. पाळीपाळीने वापरायच्या घरांसाठी फ्रान्सने १९८६ साली जो स्वतंत्र कायदा केला, त्याखालच्या संस्थांतून सुटका करून घेणे इतके जिकिरीचे ठरले होते की २००९ आणि २०१४ साली त्यात बाहेर पडण्याच्या सोयी घालाव्या लागल्या. नको असलेले आठवडे आणि त्यांचे शुल्क वारशाने गळ्यात पडलेली मुले हे त्यामागचे एक कारण होते.

किमतीकडे वळते. चलनाचे आकडे बाजूला ठेवून सारे प्रमाणात सांगते, म्हणजे कोणालाही आपले आकडे त्यात बसवता येतील. त्याच परिसरातल्या अलीकडच्या विक्रींवरून नोतेरने काढलेली पूर्ण घराची किंमत १००० धरली, तर कंपनीने मागितलेल्या आठ हिश्श्यांची बेरीज १३०० होते. म्हणजे १२५ चा हिस्सा १६२.५ ला. मधल्या ३७.५ मध्ये नूतनीकरण, सामानसुमान, कायदेशीर खर्च आणि नफा येतो असे सांगण्यात आले. नूतनीकरण आणि सामान यांचा खर्च वाजवी आहे, पण नोतेरने केलेले मूल्यांकन नूतनीकरण झालेल्या घराचे होते, त्यामुळे तोच खर्च दोनदा मोजल्यासारखा होतो. यावर प्रतिनिधीचे उत्तर असे की, लहान पुडीतला माल नेहमी महागच पडतो. उत्तर प्रामाणिक आहे, समाधानकारक नाही.

या हिश्श्याचे वार्षिक देखभाल शुल्क ५. गुंतवलेल्या १६२.५ वर कुठेही बसून जे सुमारे ३ टक्के मिळाले असते तेही साधारण ५. आणि दहा वर्षांनी हिस्सा खऱ्या किमतीलाच विकला जाईल असे धरले, तर वरचे ३७.५ दहा वर्षांत बुडाले, म्हणजे दर वर्षी पावणेचार. एकूण वार्षिक खर्च साडेतेराच्या थोडा वर. आता त्याच तोडीचे घर त्याच भागात आठवड्याच्या भाड्याने घेतले तर ऐन उन्हाळ्यात आठवड्याला ४ आणि इतर वेळी सरासरी १.८ पडतात. हिस्सेदाराच्या वाट्याला वर्षाला येणारे सगळे सव्वासहा आठवडे (त्यांतले सरासरी दीड उन्हाळ्यातले) भाड्याने घेतले तर साडेचौदा. म्हणजे एकही दिवस वाया न घालवता दहा वर्षे नेमाने गेलो, तर वर्षाला जेमतेम एकाची बचत. तीनच आठवडे गेलो, त्यांतला एक उन्हाळ्यातला धरला, तर भाडे साडेसात आणि मालकी साडेतेरा. घराची किंमत दर वर्षी २ टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरले की चित्र काहीसे सुधारते. मालकीचा खर्च अकराच्या आसपास येतो आणि वर्षाला साडेचार आठवडे राहणाऱ्याला तो भाड्याइतका पडतो. कंपनीच्या माहितीपत्रकात हेच गणित ६ टक्के वाढ धरून केले होते. ताईने त्या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि पान उलटले.

देखभाल शुल्कात काय येते हेही पाहावे. आमच्या कागदांत देखरेख, बाग, तलाव, विमा, वीज आणि स्थानिक कर येत होते. करांच्या बाबतीत एक बारकावा आहे. फ्रान्सने राहत्या मुख्य घरावरचा निवासकर २०२३ पर्यंत पूर्णपणे काढून टाकला, पण दुय्यम घरांवर तो कायम ठेवला, आणि घरांची टंचाई असलेल्या भागांत स्थानिक पालिकांना त्यावर ५ ते ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा आहे. सुट्टीचे घर हे व्याख्येनेच दुय्यम घर असते. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत शुल्क आजच्याइतकेच राहील असे मानून चालणे भाबडेपणाचे होईल. करारात वाढीला कमाल मर्यादा नव्हती. 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' एवढेच शब्द होते.

दिनदर्शिकेची व्यवस्था मात्र मला आवडली. दुरुस्तीसाठी वर्षातले दोन आठवडे घर बंद ठेवतात, उरलेले पन्नास आठवडे आठांत वाटले की प्रत्येकाला सव्वासहा आठवडे, म्हणजे चव्वेचाळीस दिवस मिळतात. त्यांतले उन्हाळ्याचे आठवडे एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दोन असे येतात, आणि निवडीचा क्रम दर वर्षी एका जागेने पुढे सरकतो. सर्वांत आधी निवडणारा पुढच्या वर्षी शेवटी जातो. दोन हिस्सेदार आपसांत आठवडे बदलू शकतात, त्यासाठी शुल्क नाही. अडचण आहे ती उरलेल्या पावणेपाच आठवड्यांची. त्यांत जानेवारी आणि फेब्रुवारीही येतात, आणि मिस्त्रालच्या दिवसांत त्या घरात एकट्याने राहायला निराळी प्रकृती लागते. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या कुटुंबाला हे आठवडे नावापुरतेच मिळतात. ज्याला ते आठवडे खरोखर वापरता येतील, म्हणजे निवृत्त किंवा कुठूनही काम करता येईल असा माणूस, त्याच्यासाठी हीच योजना बरीच स्वस्त पडते.

न वापरलेले आठवडे भाड्याने देऊन शुल्क भरून काढण्याची कल्पना प्रतिनिधीने दोनदा मांडली. सामानासह घर भाड्याने देणे हा फ्रान्समध्ये व्यापारी व्यवहार मानला जातो आणि तो नेहमीचा झाला की एससीआय कंपनी कराच्या कक्षेत ओढली जाऊ शकते. शिवाय पर्यटकांना घरे देण्याविरुद्ध सगळीकडे वारे फिरले आहे. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या सदनिकांचे सगळे परवाने संपवण्याचे जाहीर केले आहे. अंशात्मक मालकीलाही शेजाऱ्यांचा विरोध होतो. कॅलिफोर्नियातल्या नापा आणि सोनोमा भागात रहिवाशांनी अशा घरांविरुद्ध अंगणांत फलक लावले, आणि ही घरे म्हणजे टाइमशेअरच आहेत अशी भूमिका घेणाऱ्या सेंट हेलेना या छोट्या शहराशी झालेला वाद २०२१ साली न्यायालयात गेला. भाड्याचे उत्पन्न शून्य धरूनच हिशेब करावा, या मतावर मी आले आहे.

तीच गोष्ट वास्तव्याच्या हक्काची. घराचा हिस्सा घेतला म्हणून व्हिसा मिळत नाही. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, अल्पमुदतीच्या प्रवाशाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि ते दिवस सगळ्या शेंगेन देशांत मिळून मोजले जातात. आपले चव्वेचाळीस दिवस त्यात बसतात, पण त्याच काळात नातवंडांना भेटायला शेजारच्या देशात दोन महिने राहिलो तर बसत नाहीत. घर घेऊन निवासाचा परवाना मिळवण्याचा मार्ग पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. जुनी माहितीपत्रके अजून त्यावर विकली जात असतील तर सावध राहावे. देश बदलला की जमिनीचा कायदाही बदलतो, हे वेगळे सांगायला नको. थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला जमीन आपल्या नावावर घेता येत नाही, तर मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात घर बँकेच्या न्यासामार्फत घ्यावे लागते. चलनाचा धोका तर मी हिशेबात धरलाच नाही. स्विस मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ रोजी फ्रँकच्या विनिमयदरावरची मर्यादा अचानक उठवली, तेव्हा त्या चलनात शुल्क भरणाऱ्या परदेशी घरमालकांचा खर्च एका सकाळीत वाढला.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे अधिकार कोणाचा. भागीचे घोडे किवणाने मेले, ही आपली म्हण अशा घरांना लागू पडेल अशी माझी आधी भीती होती. ती खोटी ठरली. इथे घोड्याची निगा राखायला पगारी मोतद्दार आहे, आणि धोका उलट बाजूचा आहे : तो घोड्याला गरजेपेक्षा जास्त चारील आणि चाऱ्याचे बिलही तोच ठरवील. व्यवस्थापनाचा करार विक्रेत्या कंपनीच्याच एका शाखेशी आहे, आणि तिचा मोबदला एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरतो. खर्च जितका जास्त तितकी तिची मिळकत जास्त. हा करार रद्द करायचा असेल तर आठांपैकी सहा मते लागतात. वाचताना हे वाजवी वाटते. पण तीन हिस्से अजून न विकलेले आहेत आणि त्यांची मते कंपनीकडे आहेत. पाचही कुटुंबे एकमुखाने उभी राहिली तरी मते पाचच भरतात.

हेच गणित घराच्या विक्रीलाही लागू आहे. बारा वर्षांनंतर सहा मतांनी पूर्ण घर विकता येईल असे कलम आहे. कंपनीने तीन हिस्से स्वतःकडे ठेवले तर तिच्या संमतीशिवाय घर कधीच विकता येणार नाही. मधल्या काळात एखाद्याला आपला हिस्सा विकायचा झाला तर तो आधी इतर हिस्सेदारांना साठ दिवस देऊ करायचा, आणि त्यांनी नाकारला तर फक्त कंपनीमार्फत विकायचा, दलाली देऊन. ज्या कंपनीकडे त्याच घराचे स्वतःचे तीन नवे हिस्से विक्रीला पडले आहेत ती आपला हिस्सा आधी विकेल की आमचा? हा प्रश्न मी विचारला, तेव्हा प्रतिनिधीने पाणी मागवले. खरेदीदाराला अशा हिश्श्याच्या हस्तांतरणावर ५ टक्के नोंदणीशुल्क भरावे लागते, ते वेगळे.

युरोपीय संघाच्या २००८ सालच्या टाइमशेअर निर्देशानुसार ग्राहकाला चौदा दिवसांत करारातून माघार घेता येते आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे मागण्यास मनाई आहे. आमच्या करारात तशी मुदत नव्हती. हा मालकीचा व्यवहार आहे, टाइमशेअर नाही, असे त्याचे समर्थन होते. संरक्षण लागू होते की नाही हे रचनेच्या तपशिलावर ठरते, म्हणून आम्ही चौदा दिवसांची मुदत करारातच लिहून मागितली आणि ती विनातक्रार मिळाली. मागितल्याशिवाय मिळाली नसती, हे खरे.

ज्यांना एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे जायला आवडते, ज्यांच्याकडे वर्षाचे पाच-सहा आठवडे मोकळे असतात आणि ज्यांना या पैशाची पुढची दहा वर्षे गरज पडणार नाही, अशांनी ही योजना जरूर पाहावी. बंद घराच्या गळक्या नळांची काळजी करत दूर बसण्यापेक्षा आठवा हिस्सा शहाणपणाचा. दर सुट्टीला नवा प्रदेश हवा असणाऱ्यांनी भाड्याचे घर घ्यावे. हिस्सेदारांसाठी घरांच्या अदलाबदलीची जाळी आहेत, २०१० साली सुरू झालेले थर्डहोम त्यांपैकी एक. पण केवळ अदलाबदलीच्या भरवशावर हिस्सा घेणे म्हणजे एका घराचे पैसे देऊन दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहणे. गुंतवणूक म्हणून तर कोणी याकडे पाहूच नये.

आमच्यापुरते बोलायचे तर घर आम्हा दोघींना हवेसे आहे. ताई अजून त्या फडताळाची आठवण काढते. आम्ही कंपनीला तीन बदल लेखी कळवले. मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी व्यवस्थापनाच्या खात्यात न ठेवता हिस्सेदारांच्या संस्थेच्या नावे स्वतंत्र खात्यात ठेवावा, हे त्यांनी लगेच मान्य केले. हिस्सा कोणत्याही दलालामार्फत विकण्याची मुभा असावी, यावर सहा महिने कंपनीला वाट पाहू द्यावी आणि मग मोकळीक, अशी तडजोड आली, ती आम्ही स्वीकारली. व्यवस्थापन बदलण्याच्या आणि घर विकण्याच्या ठरावांत न विकलेल्या हिश्श्यांची मते मोजू नयेत, या तिसऱ्या मागणीवर 'कायदा विभाग अभ्यास करत आहे' असे पाच आठवड्यांपूर्वी कळले. त्यानंतर प्रतिनिधीचे दोन फोन आले, दोन्ही वेळा किमतीत थोडी सूट देण्याविषयी. सूट नको, उत्तर हवे, असे ताईने सांगितले आहे, आणि ते लेखी येईपर्यंत अनामत पाठवायची नाही असे आमचे ठरले आहे.